वाळू, अंधार आणि कासवे

अभयारण्य म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? दाट झाडी, एखादा पाणवठा, चिखलात उमटलेले वाघाचे ठसे आणि वाटेवर वनखात्याची कमान. आता ओडिशाच्या किनाऱ्यावरील एका अभयारण्याचे आकडे पाहा. गहिरमाथा सागरी अभयारण्याचे क्षेत्रफळ १,४३५ चौ. कि.मी. आहे. त्यात जमीन किती? अवघी २७ चौ. कि.मी. बाकीचे १,४०८ चौ. कि.मी. म्हणजे निव्वळ पाणी. शंभरातले अठ्ठ्याण्णव भाग बंगालच्या उपसागराचे!

हे अभयारण्य प्रामुख्याने ज्या प्राण्यासाठी आहे ते ऑलिव्ह रिडले जातीचे सागरी कासव. त्याचे जमिनीशी नाते तसे थोडक्यातच आटोपते. मादी अंडी घालण्यापुरती वाळूवर येते, तासाभरात काम उरकते आणि परत जाते. नर तर पिल्लू असताना एकदा पाण्यात शिरला की पुन्हा सहसा किनारा पाहतच नाही. तरीही त्या तासाभरासाठी लागणारी वाळूची पट्टी नाहीशी झाली, तर उरलेला सगळा समुद्र त्यांच्या काहीही उपयोगाचा नाही.

मी पदार्थविज्ञान शिकवतो. कासवांच्या गोष्टीत या गृहस्थांचे काय काम, असे तुम्हांला वाटेल. परंतु कासवांचा किनारा राखायचा म्हणजे नेमके काय काय राखायचे, असा प्रश्न विचारला की उष्णता, प्रकाश आणि दाब हे आपले वर्गातले जुने सोबती एकामागून एक हजर होतात. कुंपण घालून आणि पहारेकरी नेमून वाळू राखता येईल. पण वाळूचे तापमान, किनाऱ्यावरचा अंधार आणि समोरचे पाणी कसे राखणार?

आधी ठिकाण समजून घेऊ. ओडिशाच्या उत्तर भागात ब्राह्मणी आणि वैतरणी या नद्या समुद्राला मिळतात. त्यांच्या मुखाशी भितरकनिकाचे खारफुटीचे जंगल पसरले आहे. त्याच्या समुद्राकडील बाजूस, धामरा नदीच्या मुखाच्या दक्षिणेला, गहिरमाथ्याची पुळण आहे. हिवाळ्याच्या सुरुवातीला हजारो ऑलिव्ह रिडले या पाण्यात गोळा होतात. साधारणपणे फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, काही रात्री लागोपाठ, माद्या एकदम किनाऱ्यावर चढतात. या प्रकाराला जगभर 'अरिबाडा' म्हणतात. हा स्पॅनिश शब्द असून त्याचा अर्थ 'आगमन' असा आहे. एरवी हे दृश्य कोस्टा रिका, मेक्सिको अशा मोजक्याच देशांच्या किनाऱ्यांवर दिसते.

एकेक मादी चाळीस-पन्नास किलो वजनाची. मागच्या वल्ह्यांनी ती सुमारे ४५ सें.मी. खोल, सुरईच्या आकाराचा खड्डा करते, त्यात शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटते, अंगाच्या भाराने ती दाबून घट्ट करते आणि निघून जाते. मार्च २०२५ मध्ये गहिरमाथ्याला अशी सुमारे सहा लाख घरटी झाल्याचा अंदाज आहे. अंदाज अशासाठी, की रात्रीच्या अंधारात लाखो कासवे एकेक करून मोजणे शक्य नसते. किनाऱ्यावर ठराविक अंतराने पट्टे आखतात, त्या पट्ट्यांतील अंडी घालणाऱ्या माद्या ठराविक वेळाने मोजतात आणि त्यावरून एकूण संख्या काढतात. शेतातल्या पिकाचा अंदाज काढण्याची पद्धत काहीशी अशीच असते. गर्दी इतकी होते, की नंतर येणारी मादी आधीच्या मादीचा खड्डा उकरून तिची अंडी बाहेर फेकते.

शास्त्रज्ञांच्या जगाला गहिरमाथ्याची ओळख झाली ती १९७४ च्या सुमारास. मगरींच्या अभ्यासासाठी आलेले डॉ. एच. आर. बस्टर्ड यांनी या किनाऱ्याचे महत्त्व पुढे आणले. गावकऱ्यांना आणि व्यापाऱ्यांना ते अर्थातच आधीपासून माहीत होते! अंडी गोळा करण्याचे रीतसर परवाने दिले जात आणि होड्या भरभरून अंडी विक्रीला जात. १९७५ मध्ये भितरकनिका अभयारण्य घोषित झाले, त्यात ही पुळण आली आणि अंड्यांचा व्यापार बंद झाला. समुद्राचा भाग मात्र सागरी अभयारण्य म्हणून घोषित व्हायला १९९७ साल उजाडावे लागले. म्हणजे किनाऱ्यावरून पाण्यात उतरायला कायद्याला बावीस वर्षे लागली. का लागली असावीत, ते पुढे येईलच.

वाळूतले घड्याळ

उन्हाळ्यातल्या दुपारी पुळणीवर अनवाणी चालायचा प्रयत्न केला असेल, तर वाळू किती तापते ते तुम्हांला सांगायला नको. त्याच वाळूखाली हात-सव्वा हात खोलीवर पंचेचाळीस ते साठ दिवस अंडी असतात. ती शिजत कशी नाहीत?

याचे कारण, वाळू उष्णतेची वाईट वाहक आहे. पृष्ठभागाचे तापमान दिवसा चढते, रात्री उतरते. ही जणू उष्णतेची एक लाटच. ती वाळूत खाली उतरू लागते, पण उतरताना झपाट्याने क्षीण होते. ओलसर वाळूसाठी गणित केले तर असे दिसते, की साधारण दर १३ सें.मी. खोलीला दिवसरात्रीच्या तापमानातला फरक आधीच्या सुमारे ३७ टक्के इतकाच उरतो. समजा, पृष्ठभागावर हा फरक २७ अंशांचा आहे. मग १३ सें.मी. वर तो १० अंश, २६ सें.मी. वर पावणेचार अंशांच्या आत आणि ३९ सें.मी. वर जेमतेम सव्वा-दीड अंश होतो. वर भट्टी आणि खाली जवळजवळ स्थिर तापमानाची खोली! आणखी गंमत अशी, की ही लाट खाली पोचायला वेळही घेते. दर १३ सें.मी. ना जवळपास पावणेचार तास. तेव्हा दुपारी दोनचा कडाका अंड्यांच्या थरापर्यंत पोचतो तो रात्री एक-दीडच्या सुमारास, आणि तोही अगदी मऊ होऊन.

शाळेच्या आवारात बांधकामाच्या वाळूचा ढीग पडलेला असेल, तर हा प्रयोग तुम्हांला सहज करता येईल. तीन तापमापी घ्या. त्यांच्या फुग्यांवर मेणाचा जाड थर द्या, म्हणजे बाहेर काढून वाचेपर्यंत पारा हलणार नाही. काठ्यांना बांधून त्या ५, २० आणि ४० सें.मी. खोलीवर पुरा. सकाळपासून रात्रीपर्यंत दर दोन तासांनी नोंद करून तिन्हींचे आलेख एकाच कागदावर काढा. वाळू किती ओली आहे त्याप्रमाणे आकडे माझ्या आकड्यांहून वेगळे येतील. त्या फरकाची कारणे वर्गात चर्चेला घ्यावीत, असे मी शिक्षकांना सुचवीन.

पण या वाळूच्या पांघरुणाला एक मर्यादा आहे, आणि आजची काळजी तिथेच आहे. लाट जितकी संथ, तितकी ती खोलवर जाते. एका दिवसाच्या लाटेला १३ सें.मी. पुरतात, तर वर्षभराच्या लाटेला ३६५ च्या वर्गमूळाइतके, म्हणजे सुमारे एकोणीस पट अंतर लागते. हे झाले जवळपास अडीच मीटर! थोडक्यात, वाळू दुपारचे ऊन अडवते, पण ऋतूचा उन्हाळा अडवत नाही. आणि वर्षानुवर्षे हवा हळूहळू तापत चालली असेल, तर ती वाढही अडवत नाही. ती जवळजवळ जशीच्या तशी अंड्यांपर्यंत पोचते.

आता एक-दोन अंशांनी काय बिघडते? कासवांच्या बाबतीत पुष्कळ बिघडते. अंड्यातून नर निघणार की मादी, हे आपल्यासारखे गुणसूत्रांवर न ठरता वाळूच्या तापमानावर ठरते. अंडी उबण्याच्या काळाचे तीन भाग केले तर मधल्या भागात हा निवाडा होतो. तापमान २९-३० अंश सेल्सिअसच्या आसपास असेल तर नर-माद्या मिसळून होतात. त्याहून थंड वाळूत नर अधिक, त्याहून गरम वाळूत माद्या अधिक. सतत ३४-३५ अंशांच्या वर राहिले तर गर्भच तगत नाहीत. म्हणून किनाऱ्याच्या वरच्या अंगाला झाडे लावावीत की नाहीत, हा प्रश्नही दिसतो तितका साधा नाही. देवी नदीच्या मुखाजवळ वादळवाऱ्याला आडोसा म्हणून सुरूची लागवड भरतीरेषेच्या पार जवळ आली. सावलीने वाळूचे तापमान बदलते, मुळांमुळे खड्डा होत नाही आणि मादीला वर चढायला उघडी वाळूच उरत नाही. वृक्षारोपण हे सर्वत्र आणि सर्वकाळ सत्कृत्यच असते, अशी आपली समजूत असते. इथे ती तपासून घ्यावी लागते.

चुकीचा उजेड

पिल्ले अंड्यातून बाहेर पडली, की दोन-चार दिवस वाळूतच वर वर सरकत राहतात. पृष्ठभागाजवळ वाळू तापलेली लागली की ती थांबतात आणि थंडावली की निघतात. त्यामुळे बहुतेक पिल्ले रात्रीच बाहेर पडतात. घड्याळ नाही, पण तापमापी आहे!

आता त्यांना समुद्र शोधायचा असतो. आई जवळ नाही, वाट दाखवणारे कोणी नाही. अंधाऱ्या रात्री उघड्या समुद्राकडचे क्षितिज जमिनीकडच्यापेक्षा थोडे उजळ असते, कारण तिकडे आभाळ पाण्याला टेकलेले असते आणि पाणी आभाळाचा उजेड परतवते. जमिनीकडे मात्र वाळूचे उंचवटे आणि झाडी यांची काळी कड असते. पिल्लू काळ्या कडेकडे पाठ करते आणि उजळ बाजूकडे धावते. त्याचे डोळे आडव्या दिशेत खूप रुंद, पण उभ्या दिशेत क्षितिजालगतचा अरुंद पट्टाच विचारात घेतात. म्हणून डोक्यावर चंद्र असला तरी ते फसत नाही. फसते ते क्षितिजाजवळच्या दिव्याने.

किती मोठा दिवा लागतो? व्यस्त वर्गाचा नियम तुम्ही दहावी-अकरावीत शिकता, तो इथे वापरू. एखाद्या दिव्याची दीपनक्षमता किनाऱ्याच्या दिशेने १,००० कँडेला आहे असे धरा. एक किलोमीटरवर त्याचे प्रदीपन १,००० भागिले १,००० चा वर्ग, म्हणजे एक सहस्रांश लक्स भरते. अगदीच किरकोळ! पण चंद्र नसलेल्या निरभ्र रात्री सगळ्या आभाळाचे मिळून जमिनीवर पडणारे प्रदीपनही एक-दोन सहस्रांश लक्सच असते. म्हणजे किलोमीटरभर दूरचा एकच दिवा जवळपास अख्ख्या तारांगणाच्या तोडीचा होतो. चुकीच्या दिशेला निघालेली पिल्ले पहाटेपर्यंत वाळूत भटकत राहतात. मग कोल्हे, कुत्रे, घारी, खेकडे आणि शेवटी ऊन, कशाला तरी बळी पडतात.

गहिरमाथ्याला हा प्रश्न कागदावरचा नाही. पुळणीसमोरच व्हीलर बेटे आहेत. त्यांतील क्षेपणास्त्र चाचण्यांचे मुख्य बेट २०१५ पासून अब्दुल कलाम यांच्या नावाने ओळखले जाते. तिथल्या झगझगीत दिव्यांमुळे पिल्लांची दिशाभूल होते, अशा तक्रारी संशोधकांनी आणि वनखात्याने वारंवार केल्या. हंगामात दिवे झाकण्याबद्दल, मंद करण्याबद्दल बोलणी झाली. २०२५ च्या जानेवारी ते मार्च या काळात बेटावरील चाचण्या थांबवण्याचे ठरल्याचेही जाहीर झाले. देशाच्या संरक्षणाचे काम आणि मूठभर वजनाची पिल्ले यांचा असा सामना कुठे होईल, असे कोणाच्या मनात तरी आले असते का?

यावर इलाज आहेत, आणि ते फार महागडेही नाहीत. कासवांचे डोळे जंबुपार, निळ्या आणि हिरव्या प्रकाशाला अधिक संवेदनशील असतात. तांबूस-पिवळ्या व तांबड्या, म्हणजे साधारण ५६० नॅनोमीटरच्या पुढील तरंगलांबीच्या प्रकाशाला ते कमी प्रतिसाद देतात. तेव्हा दिवा खाली बसवावा, त्याला समुद्राच्या बाजूने झापड लावावी, पांढऱ्याऐवजी तांबूस दिवा वापरावा आणि गरज नसेल तेव्हा बंद करावा. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या काही किनाऱ्यांवर १९८० च्या दशकापासून असे नियम आहेत. तिथे १९९१ मध्ये कासवांचे थोर अभ्यासक आर्ची कार यांच्या नावाने किनाऱ्यावरच एक अभयारण्य स्थापन झाले. घरे, रस्ते आणि कासवांची घरटी तिथे एकमेकांना खेटून आहेत. त्यामुळे तिथे पहाऱ्याइतकेच दिव्याच्या बटणालाही महत्त्व आहे. आपल्याकडे अलीकडे रस्त्यांवर पांढरेशुभ्र एलईडी दिवे आले. त्यांच्या प्रकाशात निळा भाग बराच असतो. वीज वाचते हे खरे, पण किनाऱ्यालगतच्या रस्त्यासाठी दिवे निवडताना रंगाचा विचार व्हायला हवा.

समोरचे पाणी

आता त्या १,४०८ चौ. कि.मी. पाण्याकडे वळू. कासव हवेत श्वास घेते. स्वस्थ पडून असेल तर ते बराच वेळ पाण्याखाली राहू शकते, पण धडपड करू लागले की शरीरातला प्राणवायू लवकर संपतो. ट्रॉलरचे ओढजाळे तासन् तास पाण्यातून ओढले जाते. त्यात अडकलेले कासव पाण्याच्या प्रवाहामुळे जाळ्याच्या टोकाशी दाबून धरले जाते आणि गुदमरून मरते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ओडिशाच्या किनाऱ्यावर वर्षाकाठी दहा हजारांहून अधिक मृत कासवे वाहून येत होती. पुळण राखली होती, अंड्यांचा व्यापार थांबला होता आणि अंडी घालणाऱ्या माद्याच समुद्रात संपत होत्या. १९९७, १९९८ आणि २००२ या वर्षी तर गहिरमाथ्याला सामूहिक अंडी घातलीच गेली नाहीत. त्याला निव्वळ जाळीच कारण होती असे म्हणता येत नाही, पण धोक्याची घंटा वाजली होती एवढे खरे.

म्हणून आज अभयारण्यात यांत्रिक मासेमारीला मनाई आहे. शिवाय दर वर्षी १ नोव्हेंबर ते ३१ मे या काळात धामरा, देवी आणि ऋषिकुल्या या नद्यांच्या मुखांसमोर किनाऱ्यापासून २० कि.मी. पर्यंत मासेमारी बंद ठेवली जाते. तटरक्षक दलाची जहाजे 'ऑपरेशन ऑलिव्हिया' या नावाने गस्त घालतात.

आता जरा मच्छीमाराच्या बाजूने पाहा. वर्षाचे सात महिने घरासमोरचा समुद्र बंद! सरकार काही कुटुंबांना साहाय्य देते, पण होडीचे कर्ज आणि मुलांच्या शाळेचा खर्च सात महिने थांबून राहत नाही. लहान होडीच्या जाळ्यांत कासवे अडकतात, नाही असे नाही, पण मोठा संहार ट्रॉलरांच्या ओढजाळ्यांतला आहे. कासवे वाचवण्याचा भार लहानांच्या वाट्याला अधिक आला आहे, असे माझे मत आहे. हा भार नीट वाटला गेला नाही, तर किनाऱ्यावरची माणसे अभयारण्याला आपले म्हणणार नाहीत, आणि मग रात्री पहारा तरी कोण देणार?

एक मध्यम मार्ग चाळणीच्या तत्त्वावर आहे. जाळ्याच्या निमुळत्या भागात सुमारे १० सें.मी. अंतरावर गज असलेली तिरकी चौकट बसवतात. कोळंबी आणि लहान मासे गजांमधून मागे जातात, कासव मात्र गजांना आपटून वरच्या किंवा खालच्या झडपेतून बाहेर पडते. 'टर्टल एक्स्क्लूडर डिव्हाइस', थोडक्यात 'टेड', असे तिचे नाव. झडपेतून मोठे मासेही निसटतात, अशी ट्रॉलरवाल्यांची तक्रार असते, आणि ती अगदीच खोटी नाही. २०१९ मध्ये अमेरिकेने भारताच्या समुद्रात पकडलेल्या कोळंबीची आयात याच कारणावरून थांबवली, तेव्हा हा प्रश्न कासवांचा राहिला नाही, व्यापाराचाही झाला. हा फटका किती मोठा आणि चौकटीमुळे निसटणाऱ्या मासळीचे नुकसान किती मोठे, याचा हिशेब आता सर्वांनाच मांडावा लागत आहे.

इतके सारे राखले, तरी खुद्द पुळण जागेवर राहील याची खात्री नाही. गहिरमाथ्याचा किनारा म्हणजे नदीच्या गाळाने घडवलेला वाळूचा लांब दांडा. लाटा आणि वादळे तो सतत झिजवत असतात. १९८९ मध्ये त्याचा टोकाचा भाग मुख्य भूमीपासून तुटला. आज कासवे मुख्यतः 'नासी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या तुटलेल्या बेटांच्या वाळूवर येतात. नकाशावरची अभयारण्याची रेघ स्थिर आहे, पण वाळू स्थिर नाही. पाण्याचा एवढा मोठा भाग हद्दीत घेण्याचा हा आणखी एक फायदा: बेट थोडे सरकले, तरी ते हद्दीतच राहते.

आपल्या कोकणात गोष्ट निराळी आहे. तिथे अरिबाडा होत नाही. माद्या एकेकट्या, इथे एक, तिथे एक अशा येतात. म्हणून घरटेच उचलून सुरक्षित जागी नेता येते. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने ग्रामस्थांच्या साहाय्याने हे काम उभे केले, आणि आता ते अनेक गावांत चालते. कुंपण घातलेल्या जागेत मूळ खड्ड्याइतकाच खोल, त्याच आकाराचा खड्डा करून अंडी ठेवतात. इतकीच खोली का, ते आता तुम्हांला सांगायला नको! अंडी हलवताना ती उलटसुलट होऊ द्यायची नसतात, कारण घातल्यानंतर काही तासांतच गर्भ कवचाला आतून चिकटतो, आणि मग अंडे फिरले तर तो मरतो. गहिरमाथ्याला सहा लाख घरटी कोण उचलणार? तिथे किनाराच राखावा लागतो.

या दोन किनाऱ्यांचा एकमेकांशी संबंध आहे का? २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर वल्ह्याला धातूचा क्रमांकित बिल्ला लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरच्या पुळणीवर अंडी घालताना सापडली. पूर्व किनारा ते पश्चिम किनारा! बिल्ल्यावरचा क्रमांक कोणीतरी वाचून कळवला, म्हणून हे समजले. तेव्हा कोकणात राहणाऱ्या किंवा सुट्टीत तिकडे जाणाऱ्या मुलांनो, हिवाळ्यात रात्री पुळणीवर कासव दिसले तर बॅटरीचा झोत टाकू नका, छायाचित्रासाठी झगमगाट करू नका, मागे लांब बसून राहा. अंडी घालून ती परतू लागली, की पुढच्या वल्ह्यावर बिल्ला आहे का ते पाहा. असेल तर काढू नका. क्रमांक, तारीख, वेळ आणि जागा लिहून घ्या आणि जवळच्या वनरक्षकाला किंवा गावातल्या कासवमित्राला त्याच रात्री सांगा.